काळा रंग पोटात काही ठेवत नाही

सांगली-मिरज रस्त्यावर माझं रंगकामाचं गॅरेज आहे. २७ वर्षं झाली. पहिली ११ नुसत्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेली, पुढची सगळी पॉलिश, वॅक्स, सीलंट आणि कोटिंगमध्ये. मागच्या अंकात मी लिहिलं होतं की काळी गाडी घ्यायची असेल तर आधी धुवायचं पाणी आणि पुसायचं कापड ठरवा, मग गाडी बुक करा. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतोय. नावं दिलेली नाहीत, गावं तेवढी दिलीत, कारण गाव कळल्याशिवाय काळ्या गाडीला काय लावायचं हे मला सांगता येत नाही.

विट्याहून एक वाचक विचारतात : चार महिन्यांपूर्वी चकचकीत काळी सेडान घेतली. दुकानदार म्हणतो कार्नोबा वॅक्स घ्या, मेव्हणा म्हणतो सीलंटच घ्या. गाडी दिवसभर ऑफिसबाहेर उघड्यावर असते. काय घेऊ?

सीलंट. गाडी उघड्यावर असते हे वाचलं आणि तिथंच उत्तर ठरलं.

कार्नोबा म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. पानं तोडून वाळवायची, झोडपायची, पडेल ती भुकटी वितळवून गाळायची. झाडापासून मिळणाऱ्या मेणांत याच्याइतकं कडक दुसरं नाही. ८२ ते ८६ अंशांच्या आसपास ते वितळतं. औषधाच्या आणि चॉकलेटच्या गोळ्यांना वरून जी चकाकी असते, तीही पुष्कळदा याच मेणाची. माझ्या टेबलावर एका बरणीत त्याच्या पिवळट चकत्या ठेवल्यात. कुणी ‘शंभर टक्के कार्नोबा आहे का’ म्हणून विचारत आलं की एक चकती त्यांच्या हातात देतो आणि चोळा म्हणतो. कितीही चोळली तरी ती मऊ पडत नाही, कडकन मोडते. असलं मेण गाडीवर पसरणार कसं? म्हणून डबीत कार्नोबाबरोबर तेलं असतात, कधी मधमाशीचं मेण असतं आणि उडून जाणारं सॉल्व्हंट असतं. ही मिसळ एकट्या कार्नोबाच्या पुष्कळ आधी मऊ पडते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता तुमच्या काळ्या बॉनेटवर तळहात ठेवून बघा, ठेववणार नाही. त्यावर मेण किती दिवस टिकेल याचा अंदाज तिथंच येईल. सावलीत राहणाऱ्या गाडीवर चांगलं वॅक्स दीड-दोन महिने चालतं. आपल्याकडच्या उघड्या उन्हात महिना गेला तरी पुष्कळ, असा माझा अनुभव आहे.

सीलंट हे माणसाने बनवलेलं पॉलिमर. बऱ्याच सीलंटांत असं सिलिकॉन असतं जे गाडीच्या क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, धरून बसतं. उन्हात ते वॅक्ससारखं मऊ पडत नाही आणि शाम्पूने लवकर निघत नाही. चार ते सहा महिने सहज जातात. मी स्वतः वर्षातून दोनदा लावतो, मेच्या शेवटी पावसाआधी आणि ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर.

वॅक्सला माझा विरोध नाही, उलट काळ्या रंगावर कार्नोबा मला मनापासून आवडतं. सीलंटची चमक काचेसारखी असते, स्वच्छ आणि धारदार. कार्नोबाची चमक ओली असते. विहिरीत वाकून बघताना पाणी कसं खोल वाटतं, तसं दार खोल वाटतं. तुमचं मन त्यावर असेल तर दोन्ही लावा, पण क्रम चुकवू नका. आधी सीलंट, ते पूर्ण बसल्यावर वरून वॅक्स. उलट केलंत तर सीलंटला धरायला क्लिअर मिळत नाही. ते मेणावर बसतं आणि मेणाबरोबरच निघून जातं.

लावायचं कसं, ते नीट सांगतो, कारण काळ्या गाडीवर बिघाड इथंच होतो. संध्याकाळी, सावलीत. बॉनेटवर हाताची मागची बाजू ठेवून बघा, गार लागलं पाहिजे. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन थेंब घ्या, एका दाराला तेवढे पुरतात. थर इतका पातळ हवा की तिरकं बघितल्यावर नुसती वाफ धरल्यासारखी दिसावी. जाड थराने टिकाऊपणा वाढत नाही, पुसताना हात मात्र जास्त मारावे लागतात, आणि काळ्या रंगावर प्रत्येक जादा हात म्हणजे चरा पडायची संधी. पंधरा-वीस मिनिटांनी स्वच्छ बोट एकदा फिरवा. बोटामागे लख्ख रेघ उमटली तर पुसायला घ्या, फासल्यासारखं झालं तर अजून थांबा. पुसल्यावर १२ तास तरी पाणी लागू देऊ नका. ऑक्टोबरच्या शेवटाला लावत असाल तर ती रात्र गाडी शेडमध्ये काढू दे, कारण पहाटेचं दव हेही पाणीच आहे.

हे मी शिकलो ते नुकसान करून. माझं पहिलं सीलंट मी एप्रिलमध्ये अंगणात, दुपारी साडेतीनला एका काळ्या गाडीवर लावलं होतं. पत्रा तापलेला. लावल्या लावल्या ते खपलीसारखं वाळलं, पुसलं तर ढगासारखे पांढरट पट्टे उठले. ते काढायला मला दोन दिवस पॉलिश करावं लागलं, आणि त्यात गिऱ्हाइकाच्या गाडीचं क्लिअर नाहक खर्च झालं. पैसे मी घेतले नाहीत, पण गेलेलं क्लिअर काही परत देता आलं नाही.

तासगावहून : रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गाडी उभी केली की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात. चांगलं वॅक्स लावलं तर जातील का?

जाणार नाहीत. झाकले जातील, तेही थोडे दिवस.

आधी ते गोल का दिसतात ते समजून घ्या. ते गोल नसतातच. गाडीवर सगळ्या दिशांनी बारीक सरळ चरे पडलेले असतात. दिव्याचा उजेड त्यातल्या ज्या चऱ्यांवर आडवा पडतो, तेवढेच चमकतात, आणि असे आडवे चरे दिव्याभोवती रिंगणात दिसतात. डोकं हलवा, जाळं तुमच्याबरोबर सरकतं. पांढऱ्या गाडीवरही इतकेच चरे असतात, पण पांढरा रंग स्वतःच उजेड फेकत असतो, त्या उजेडात ते हरवतात. काळा रंग उजेड गिळतो. त्याच्यावर डोळ्याला दिसतं ते फक्त वरच्या क्लिअरचं प्रतिबिंब, आणि त्यात चरा असला की तो पांढरा होऊन समोर येतो. काळा रंग पोटात काही ठेवत नाही, असं मी पोरांना शिकवतो ते यासाठी.

आता हे चरे आले कुठून? तासगाव परिसरातल्या ज्या ज्या काळ्या गाड्या माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बहुतेकांचं एकच कारण निघालं : सकाळचं कोरडं पुसणं. वॉचमन किंवा ड्रायव्हर फडकं घेतो, झटकतो आणि टपापासून डिकीपर्यंत धूळ पुसून काढतो. माणूस मन लावून काम करतोय, त्याला दोष देता येत नाही. पण त्या धुळीत रस्त्याची कच असते, आणि फडक्याखाली ती पॉलिश पेपरसारखं काम करते. दांड्याला धाग्यांचा गोंडा लावलेला डस्टर आणला तरी तेच होतं. काळ्या गाडीवर कोरडं काहीही फिरवायचं नाही. धूळ बसली तर बसू दे, दोन दिवसांनी पाण्याने धुवा.

वॅक्सचा थर इतका बारीक असतो की मध्यम खोलीचा चराही त्याने भरत नाही. काही पॉलिशांत भरणारी तेलं असतात, त्यांना ग्लेझ म्हणतात. संध्याकाळी लग्नाला जायचंय म्हणून सकाळी ग्लेझ मारलं तर गाडी नवी दिसते, आणि दोन-चार धुण्यांत जाळं पुन्हा वर येतं. लग्नापुरतं ते ठीक. दुरुस्ती म्हणून कुणी ग्लेझ विकत असेल तर घेऊ नका. ओळखायची युक्ती सोपी आहे. काम झाल्यावर एका पॅनलवर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून फवारा, पुसा आणि मोबाइलची बॅटरी तिरकी धरा. चरे होते तिथं पुन्हा दिसले तर तुम्हाला नुसतं तेल विकलंय.

खरा उपाय एकच, क्लिअर कोट अगदी थोडा घासून सपाट करायचा. म्हणूनच तो वारंवार करायचा नाही. कंपनीतून येणाऱ्या गाडीवर क्लिअर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो. डोक्याचा केस ७०-८० मायक्रॉन धरला तर केसाच्या निम्म्या-पाऊण जाडीत सगळं भांडवल आलं. चांगला कारागीर एका पॉलिशमध्ये त्यातले दोन-तीन मायक्रॉन काढतो. दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणारी गाडी पाच-सहा वर्षांत बॉनेटच्या कडेला उघडी पडते.

कडेचं सांगतो. माझ्याकडच्या एका पोराच्या हातून गोल फिरणारं जुनं बफिंग मशीन एका काळ्या गाडीच्या दाराच्या धारेवर दोन सेकंद जास्त थांबलं. मी बाजूलाच होतो. पॅडवर काळा डाग आला, मशीन बंद केलं तोवर धारेवर बोटभर लांबीत क्लिअर संपला होता. धारेवर रंग आधीच पातळ असतो आणि उष्णता तिथं साठते. ते दार आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा रंगवलं. त्या दिवसापासून धारांना कागदी टेप लावल्याशिवाय मशीन चालू होत नाही, आणि काळ्या गाडीला शेवटचा हात स्वतःभोवती फिरत फिरत डुलणाऱ्या मशीनचाच, ज्याला आम्ही डीए म्हणतो. गोल मशीनने काळ्यावर उन्हात लाटांसारखे पट्टे दिसतात.

मिरजेत आमच्या घराजवळ तंबोऱ्यांना पॉलिश करणारे एक काका होते. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, कापसाची पोटली आणि थरावर थर. लहानपणी मी त्यांच्या ओट्यावर तासन्तास बसायचो. ते म्हणायचे, पोटली ठेवताना आणि उचलतानाही चालती पाहिजे, थांबलेला हात डाग पाडतो. पॉलिशिंग मशीन हातात घेतलं की मला अजून त्यांची पोटली आठवते.

वाळवा तालुक्यातून : घर साखर कारखान्याजवळ आहे. गळीत हंगामात रोज सकाळी गाडीवर काळी राख असते. वॅक्स लावलं तर ती चिकटणार नाही ना?

ही अडचण सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यातल्या लोकांनाच कळेल. कारखान्याच्या बॉयलरात बगॅस, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, जळतो, त्याची राख धुराड्यातून उडते. शिवाय तोडणी झाल्यावर फडातलं पाचट पेटवतात, त्याची काजळी वाऱ्यावर येते. पाचटाची काळी पापडी बोटात धरली की भुगा होते, म्हणून लोकांना वाटतं ही मऊ आहे, फुंकर मारून फडकं फिरवलं की झालं. पण ऊस जमिनीतून सिलिका शोषून घेतो आणि जळल्यावर ती राखेत मागे राहते. वाळूतही सिलिकाच असते. म्हणजे मऊ दिसणाऱ्या त्या भुग्यात बारीक कच आहे.

म्हणून पहिला नियम, त्या राखेला हात लावायचा नाही. दुसरा, धुताना आधी नुसतं पाणी वरून खाली सोडायचं, पाइपला नोझल असेल तर उत्तम. मग शाम्पूचा फेस टाकून पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा पाणी, आणि त्यानंतर हात लावायचा. दोन बादल्या ठेवा. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत मिट, म्हणजे गाडी धुवायचा मऊ हातमोजा, खळबळायचं साधं पाणी. पहिल्यांदा केलंत की दुसऱ्या बादलीच्या तळाशी जो काळा गाळ बसलेला दिसेल, तो बघितल्यावर पुन्हा एका बादलीत गाडी धुवायची तुमची इच्छा होणार नाही.

चिकटण्याबद्दल विचारलंत, तर तुमच्यासाठी मी वॅक्स टाळेन. मऊ मेणाच्या थरावर काजळी जास्त धरते, असं मी दोन हंगाम एकाच बॉनेटच्या दोन बाजूंवर लावून बघितलंय. डावीकडे कार्नोबा, उजवीकडे सीलंट. नुसत्या पाण्याने उजवी बाजू जवळजवळ साफ व्हायची, डावीकडे करडी साय राहायची. ही एका गाडीची गोष्ट आहे, पण माझा सल्ला तिच्यावरच उभा आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी ऑक्टोबरात सीलंटचे दोन थर द्या, मध्ये एक रात्र जाऊ दे. मार्चमध्ये धुराडं थांबलं की गाडीवरून हात फिरवून बघा. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी, वापरायचा, पण भरपूर ओलं ठेवून. तो जमिनीवर पडला तर उचलून पुन्हा वापरू नका, सरळ टाकून द्या. क्लेने थोडेफार चरे पडतातच, म्हणून काळ्या गाडीवर क्ले झाल्यावर हलकं पॉलिश धरूनच चला.

जतहून : आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ मशीनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याने गाडी धुतो. तरी पांढरे गोल डाग पडतात. कोणतं वॅक्स लावावं?

जतसारख्या भागात पाणी जपायची तुमची धडपड मला पूर्ण पटते, म्हणून हे सांगायला जड जातंय. ते पाणी गाडीला लावू नका. आरओ मशीन पाण्यातले क्षार एका बाजूला ढकलतं आणि तेच क्षार घेऊन ते पाणी बाहेर पडतं. म्हणजे बोअरच्या मुळातल्या पाण्यापेक्षा ते जास्त खारट. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं मीटर मिळतं, ते दोन्हीत बुडवून बघा. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. माझ्या गॅरेजच्या बोअरचं १३०० च्या आसपास येतं, आणि त्याच्यावर बसवलेल्या आरओचं बाहेर पडणारं पाणी त्याहून पुष्कळ वर. ते पाणी मी फरशीला आणि संडासात वापरतो.

डागाचं कारण असं की थेंब वाळतो, पाणी उडून जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियम मागे राहतं. इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही, पण खरी आहे. वॅक्स लावल्यावर पाण्याचे टपोरे मोती होतात ते बघायला सुंदर, पण काळ्या गाडीवर, खारट पाण्यात आणि उन्हात तेच मोती गोल डाग पाडतात. प्रत्येक मोती म्हणजे क्षारांची एक पुडी. तुमच्या पाण्याला असं सीलंट हवं ज्यावरून पाणी चादरीसारखं एकसलग घसरून जातं. बाटलीवर काय लिहिलंय ते सोडा, ज्यांनी लावलंय त्यांच्या बॉनेटवर मगभर पाणी ओतून बघा. मोती बसून राहिले तर ते तुमच्यासाठी नाही.

आणि धुण्याची वेळ बदला. पहाटे किंवा ऊन उतरल्यावर. एक पॅनल धुतलं की लगेच मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने टिपायचं. टॉवेल आडवा पसरायचा, थोपटायचा आणि उचलायचा, घासायचा नाही. शेवटची एक बादली शक्य असेल तर साठवलेल्या पावसाच्या पाण्याची किंवा आरओच्या गोड बाजूची घ्या. एवढ्याने निम्मे डाग थांबतात. जे पडलेत त्यांच्यासाठी पांढरं व्हिनेगर आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं, गार पत्र्यावर, ओल्या कापडाने मिनिटभर ठेवून धुवायचं. त्यानंतर तिथलं वॅक्स गेलं असं समजून पुन्हा लावायचं. तरीही गोल दिसत राहिला तर क्षाराने क्लिअर खाल्लाय, तिथं पॉलिशशिवाय इलाज नाही.

सांगलीतून एक भगिनी : दसऱ्याला नव्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर सासूबाईंनी हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आठवड्याने धुतलं तर पिवळट-लाल सावली राहिली. काय करू? आणि त्यांना कसं सांगू?

ताई, पूजा झालीच पाहिजे. माझ्या गॅरेजमध्येही खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू लागतं, झेंडूच्या माळा लागतात. फक्त जागा बदला. स्वस्तिक काचेवर काढा किंवा नंबरप्लेटच्या वर एक विड्याचं पान ठेवून त्यावर लावा. माळ बांधताना तार नको, सुती दोरा घ्या, तार वाऱ्यावर हलून बॉनेटच्या कडेला खाते. नारळ चाकापुढे जमिनीवर फोडा, पाण्याचे शिंतोडे रंगावर उडाले तर लगेच पाणी मारा.

सासूबाईंना कारण सांगा, माणसं कारणाला मान देतात. हळद चिकट नाही, पण तिचा रंग पसरतो. कुंकू जुन्या पद्धतीने हळद आणि चुन्यापासून होतं, त्यातला चुना अल्कधर्मी असतो. बाजारातल्या बऱ्याच कुंकवात आता वेगळे रंग असतात. दव पडलं, ऊन पडलं, की हे सगळं मिळून आठवडाभर क्लिअरवर बसून राहतं. शिवाय बोटाने कोरडी पूड दाबून ओढली की तिथं स्वस्तिकाच्या आकारात बारीक चरे पडतात. तुमच्या ‘सावली’तला काही भाग तो असणार.

आता उपाय. पिवळटपणाची काळजी करू नका, हळदीचा रंग उन्हात फिका पडतो. हळदीच्या गावात राहून हे आपण वाळत घातलेल्या साडीवर पाहिलेलं असतं. शाम्पूने धुवा, दोन-चार दिवस सकाळचं ऊन लागू दे. लाल राहिलं तर हाताने, फोमच्या पॅडवर अगदी बारीक पॉलिश घेऊन हलका दाब. मग सीलंट. पुढच्या दसऱ्याआधी आठ दिवस सीलंट लावलेलं असेल आणि त्याच संध्याकाळी पाण्याने धुतलं, तर बॉनेटवरचं कुंकूही बहुतेक वेळा डाग ठेवत नाही.

कराडहून : शोरूममध्ये ‘९एच’ सिरॅमिक आणि टेफ्लॉन कोटिंग दोन्ही सांगतात. ९एच म्हणजे चरा पडतच नाही ना?

पडतो. सिरॅमिक म्हणजे क्लिअरवर बसणारा काचेसारखा कडक थर, आणि ९एच हा पेन्सिलचा आकडा आहे. चित्रकलेच्या पेन्सिली असतात ना, बी, एचबी, एच, तशा पेन्सिलींनी कोटिंग तपासतात, त्या चाचणीतली सगळ्यात कडक ९एच. ठरावीक दाबाने ती कोटिंगवर ढकलायची, ओरखडा उठला नाही तर कोटिंग ९एच. पेन्सिलीत ग्रॅफाइट आणि माती असते. वाळूच्या कणापुढे तिचं काही चालत नाही. कोटिंगमुळे घाण लवकर सुटते, उन्हाचा, पक्ष्यांच्या विष्ठेचा मारा कमी बसतो, वर्ष-दोन वर्षं वॅक्सची कटकट नाही. हे फायदे खरे आहेत आणि काळ्या गाडीला मी ते आनंदाने करून देतो. पण कोरडं फडकं फिरवणार असाल तर त्याच्यावरही जाळं येणारच. आणखी एक, कोटिंगच्या आधी रंग निर्दोष पाहिजे. कोटिंगखाली राहिलेला चरा काचेखाली ठेवलेल्या फोटोसारखा कायम दिसतो.

टेफ्लॉनचं थोडक्यात. ते पीटीएफई नावाचं प्लॅस्टिक, वितळतं ३२७ अंशांना. तव्यावर ते भट्टीत तापवून बसवतात. गाडीचा पत्रा तुम्ही तेवढा तापवू शकत नाही. त्यामुळे गाडीवर जे टिकतं ते त्या बाटलीतलं बाकीचं वॅक्स किंवा पॉलिमर. त्या नावासाठी जास्त पैसे देऊ नका.

आष्ट्याहून : बंपर नुकताच रंगवला. लगेच वॅक्स लावू का?

नाही. कंपनीत रंग साधारण १४० अंशांवर भाजतात, म्हणून नव्या गाडीला पहिल्या दिवशीही सीलंट चालतं. गॅरेजच्या बूथमध्ये आम्ही ६० अंशांच्या आसपास अर्धा तास ठेवतो, कारण प्लॅस्टिक आणि वायरिंग सांभाळायचं असतं. आतलं सॉल्व्हंट पुढचे काही आठवडे हळूहळू बाहेर येतं. वरून झाकण लावलंत तर रंग मऊ राहतो. दोन महिने थांबा. तोवर नुसतं पाणी आणि शाम्पू.

मिरजेहून : माझी २० वर्षांची जुनी काळी गाडी पॉलिश करताना कापड काळं होतं. रंग निघतोय का?

हो, निघतोय, पण घाबरू नका. तुमच्या गाडीवर बहुधा वरून क्लिअर नाही, रंगच वरचा थर आहे. अशा रंगाला उन्हाने राखट थर येतो, तो निघाला की खाली काळा सापडतो. दरवेळी थोडा रंग जातो, म्हणून वर्षातून एकदाच, हाताने. आणि याच गाडीला मी वॅक्स सांगेन. जुन्या रंगाला वॅक्समधली तेलं मानवतात, काळेपणा भरून येतो. तुमचं घर मिरज जंक्शनजवळ असेल तर टपावर बोट फिरवून बघा, रुळांवरून उडालेले लोखंडाचे कण टोचतील. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतं. फवारलं की जांभळे ओघळ येतात, म्हणजे ते लोखंडाशी काम करतंय. वाळू द्यायचं नाही, पाच मिनिटांच्या आत धुवायचं. जुन्या रंगावर आधी एका कोपऱ्यात लावून बघा.

पलूसहून : खोबरेल तेलाने काळी गाडी छान चमकते. रोज लावलं तर?

लावू नका. चमकते हे खरं, पण तेल वाळत नाही, दुपारपर्यंत त्यावर रस्त्याची सगळी धूळ बसते आणि संध्याकाळी तीच धूळ तुम्ही फडक्याने चोळता. डिझेलचा हात मारणाऱ्यांनाही हेच सांगतो. आजवर लावलेलं काढायला शाम्पूने दोनदा धुवा. नुसत्या पाण्याचा थर फुटून थेंब न होता सपाट उतरायला लागला की तेल गेलं, मग सीलंट लावा.